छताला परत परत ओल येतेय? फोडाफोडीच्या आधी हे करून बघा

वरच्या मजल्यावरून ओल येते, पोपडे काढून रंग दिला, पाच-सहा महिने बरे गेले आणि पुन्हा तोच डाग त्याच जागी हजर, वर थोडा मोठा होऊन. हे ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या भिंतीला लागून, असा डाग तीन वर्षं होता. तेवढ्यात आम्ही दोनदा रंग दिला, वरच्या काका-काकूंनी अख्ख्या बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, आणि मधले सात-आठ महिने आमचं त्यांचं बोलणंच बंद होतं, लिफ्टमध्ये भेटलो की दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून उभे. शेवटी जे सापडलं ते इतकं फुटकळ निघालं की रागही येईना. काय ते पुढे सांगते, इथेच सांगितलं तर सगळे तेवढंच तपासतील आणि तुमच्याकडे कारण दुसरंच असेल.

आम्ही चुकलो ते इथे की पाणी कुठलं ते न शोधताच दुरुस्ती सुरू केली. घरात फिरणारं पाणी एक नसतं ना. नळाच्या लाइनमधलं पाणी असतं ज्यावर सतत प्रेशर असतं, मग वापरून गटारात जाणारं सांडपाणी, मग फरशीवर सांडलेलं, मग बाहेरून येणारं पावसाचं, आणि कधीकधी तर फक्त हवेतली वाफ गार छतावर जमलेली. बहुतेक वेळा खालून दिसतो तो डाग सारखाच, पिवळट, कडेला तपकिरी रेघ. पण येण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून डाग कुठे आहे हे बघत बसू नका, तो कधी वाढतो ते बघा.

कुठे आहे यावर जाऊ नका असं का म्हणतेय, तर पाणी सरळ खाली पडत नाही. स्लॅबला जिकडे उतार असेल तिकडे ते सरकतं, सळईच्या कडेने जातं, वायरिंगच्या पाइपातून लांबवर जातं, आणि जिथे भेग किंवा पंख्याचं भोक मिळेल तिथे बाहेर येतं. आमचा डाग बेडरूममध्ये होता म्हणून आम्ही वर जाऊन त्यांच्या बेडरूमची भिंत बघत होतो, आता हसू येतं.

पाणी पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेतून टपकत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी मेन बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच खाली करा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत वर करू नका. बादली ठेवून पंखा चालू असलेली घरं मी पाहिली आहेत. तसंच छताला तपकिरी लाल गंजाचे ओघळ दिसत असतील किंवा प्लास्टर फुगून पोकळ वाजत असेल तर त्याखालचा पलंग हलवा, कारण लोखंड गंजलं की मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतं आणि आतूनच काँक्रीट फोडतं, मोठा तुकडा पडायला वेळ लागत नाही. अशा ठिकाणी प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियर लागतो.

आता तपासणी. पहिल्या दिवशी एक पेन्सिल घ्या आणि स्टुलावर चढून डागाच्या ओल्या कडेवर छतावरच रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. रंग खराब होईल म्हणून घाबरू नका, तो झालेलाच आहे. रोज एकाच वेळी बघायचं, कड पुढे गेली असेल तर नवीन रेघ, नवीन तारीख. फोटोपण काढा पण फोटोत उजेडाने फसायला होतं, पेन्सिल खोटं बोलत नाही. टपकत असेल तर भांडं ठेवून मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा, सकाळी, दुपारी, रात्री झोपताना. सेकंदाला एक थेंब म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी होतं. हे वरच्यांना सांगितलं की त्यांनाही धक्का बसतो, डाग आहे हो थोडासा असं म्हणून ते विषय सोडत नाहीत मग.

दहा-पंधरा दिवसांच्या नोंदींत काहीतरी दिसायला लागतं. चोवीस तास एकाच गतीने टपकतंय, वरचे गावाला गेले तरी टपकतंय, तर संशय नळाच्या लाइनवर, कारण ती वापरा न वापरा भरलेलीच असते. सकाळी आठ ते अकरा जोरात आणि रात्री थांबतं, तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशी. गीझर चालू झाल्यावरच वाढतं तर गरम पाण्याची लाइन, तापल्यावर पाइप प्रसरण पावतो आणि ढिला सांधा सुटतो. फक्त पावसात येतं आणि पाऊस संपला की हळूहळू वाळतं तर वरच्यांना सोडा, बाहेरची भिंत, खिडकीची चौकट, गच्ची, बाहेरचे पाइप यांच्याकडे वळा. एसी लावतात त्याच दिवसांत येतं तर एसीचं पाणी जायची नळी, ती तुंबते किंवा तिला उतारच नसतो, या एका नळीने किती भांडणं लावली असतील देव जाणे. आणि थंडीत, बंद बाथरूममध्ये, छतभर बारीक थेंब आणि काळी बुरशी असेल तर बहुतेक गळती नाहीच, वाफ आहे, त्याला एक्झॉस्ट फॅन लागतो. खात्री नसेल तर हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा डागावर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूने दमट झाला तर हवेतलं पाणी, मागच्या बाजूने ओला झाला तर स्लॅबमधून येतंय. टेप चिकटायला छत तेवढं कोरडं हवं, नाहीतर रात्री अंगावर पडतो.

इथपर्यंत सगळं आपल्या घरात बसून होतं. पुढचं वर जाऊन, आणि खरं सांगायचं तर गाडी इथेच अडते.

आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर बिल्डिंगच्या ग्रुपवर डागाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की वरच्या फ्लॅटमुळे आमचं छत खराब झालंय. अर्ध्या तासात चाळीस लोकांनी वाचलं, तिघांनी आपापल्या छताचे फोटो टाकले, आणि काकांनी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर प्लंबरला वर घेतलंच नाही त्यांनी. बरोबरच आहे, मीही घेतलं नसतं. मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की वरच्यांना काहीच त्रास होत नसतो, त्यांची फरशी कोरडी, त्यांचं छत छान, त्यांच्या दृष्टीने खालचे लोक अचानक येऊन सांगतात की तुमचं चांगलं चाललेलं बाथरूम फोडा. त्यांना आपला डाग कधी दिसलेलाच नसतो. म्हणून आधी त्यांना खाली बोलवा. फोटो नाही, प्रत्यक्ष. काकू पहिल्यांदा आमच्या बेडरूममध्ये आल्या आणि छतावरच्या तारखा बघून म्हणाल्या, "अगं, एवढं? मला वाटलं नाण्याएवढं काहीतरी असेल." तीन वर्षांत त्या खोलीत त्या आल्याच नव्हत्या.

आणि बोलताना 'तुमच्यामुळे' हा शब्द टाळा, मुद्दाम सांगतेय. तुमच्यामुळे म्हटलं की समोरचा वकील होतो. मी म्हटलं, काकू, पाणी कुठलं ते कळतच नाहीये, आठवडाभर मदत करता का, काही फोडायचं नाही. 'फोडायचं नाही' ऐकल्यावर काकाही बाहेर आले. वेळपण बघून जा, सकाळच्या गडबडीत किंवा टपकायला लागल्या लागल्या तणतणत वर गेलात तर काम बिघडलंच समजा.

वर करायच्या टेस्ट अशा आहेत की एका वेळी एकच पाणी वापरायचं आणि मध्ये किमान एक दिवस जाऊ द्यायचा. घाई केली, एकाच दुपारी सगळं करून बघितलं, तर खाली पाणी आलं तरी कशाचं आलं ते कळणार नाही.

सुरुवात नळाच्या लाइनपासून करा, सोपी आहे. मीटर असेल तर सगळे नळ बंद करून मीटरवरचा आकडा लिहून ठेवायचा, दोन तासांनी परत बघायचा, हलला असेल तर लाइन गळतेय. आधी फ्लशची टाकी आतून झिरपत नाही ना ते बघून घ्या, नाहीतर मीटर तिच्यामुळे हलतो आणि आपण भिंती फोडत बसतो. टाकीत रंगाचे थेंब टाकायचे, फ्लश न करता अर्धा तास थांबायचं, भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर गेलाय. मीटर नसेल तर त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा आणि खाली थेंब मोजा.

लाइन ठीक निघाली की सांडपाणी. फरशी अजिबात ओली न करता, जाळी काढून, नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भोकात, सरळ पाणी ओतायचं, पाच-सहा बादल्या. खाली आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. नाही आलं तर पुढच्या वेळी ट्रॅपचं तोंड फडकं आणि प्लास्टिकची पिशवी कोंबून बंद करायचं आणि फरशीवर दोनेक सेंटिमीटर पाणी साठवायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि चोवीस तास बाथरूम वापरायचं नाही. (यासाठी दुसरं बाथरूम असलं तर बरं, नसेल तर रात्रभर तरी.) उंबऱ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नका, आणि स्लॅब आधीच तडकलेला असेल तर ही टेस्ट करूच नका, दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला वीस किलो वजन. थोडी पातळी वाफ होऊनही उतरते, पण चांगलीच उतरली आणि खाली डाग सरकला तर फरशीतून जातंय. त्यानंतर भिंतीच्या टाइल्सवर शॉवर मारायचा, तेव्हाच आलं तर टाइल्समधले सांधे किंवा नळाच्या भोवतीची फट. बेसिन भरून एकदम सोडायचं. कमोडसाठी फ्लश. रंग टाकून बघायला हरकत नाही, फक्त लक्षात ठेवा की रंगीत पाणी खाली दिसलं तर तो पुरावा, पण नाही दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, काँक्रीट आणि प्लास्टर रंग शोषून घेऊ शकतं. आमच्याकडे याच मुद्द्यावर काकांनी आम्हाला खोटं पाडलं होतं, लाल पाणी ओतलं आणि खाली लाल काहीच दिसलं नाही, म्हणून ते आमचं नाहीच!

आता आमचं. आम्ही वरचं सगळं केलं आणि एकाही टेस्टमध्ये पाणी आलं नाही. बादल्या ओतल्या, पाणी साठवलं, शॉवर मारला, काही नाही. प्लंबर म्हणाला फोडूनच बघावं लागेल, ते तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. मग काकूंनीच सुचवलं की आपण दोघीही लिहू. त्यांनी बाथरूमच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला, कोण कधी आंघोळीला, कपडे कधी, फरशी कधी धुतली, आणि मी खाली पेन्सिलीच्या तारखा. तीन आठवड्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर डाग वाढत होता दर बुधवारी आणि रविवारी. वर काय, तर मंगळवारी आणि शनिवारी वॉशिंग मशीन. एक दिवस उशिरा, पण न चुकता.

मशीन लावायच्या दिवशी मी वर जाऊन बसले. मशीन पाणी सोडतं ते पंपाने, भरभर, दोन-तीन मिनिटांत सगळं. ट्रॅपला ते एवढं पटकन घेता येईना, कारण त्यात केस आणि कपड्यांचा कापूस अडकून तोंड अर्धं झालेलं. मग पाणी ट्रॅपच्या गळ्यात वर चढायचं आणि गळा जिथे टाइलला भेटतो तिथल्या सांध्यातलं सिमेंट गेलेलं होतं, जाळीच्या खाली, वरून दिसतच नाही असं. तिथून थेट टाइल्सच्या खाली. आम्ही बादल्या सावकाश ओतत होतो म्हणून पाणी त्या उंचीला कधी पोचलंच नाही, आणि पाणी साठवलं तेव्हा फडकं कोंबलं होतं ते नेमकं त्याच सांध्यावर घट्ट बसलं. बाथरूमच्या टाइल्स बदलल्या तेव्हा मिस्त्रीने ट्रॅप जुनाच ठेवला होता. म्हणजे सगळं नवीन आणि भोक तेवढं जुनं.

दुरुस्ती दुपारभराची. ट्रॅप साफ केला, भोवतीच्या चार टाइल्स काढल्या, सांधा खरवडून, वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपच्या गळ्यापर्यंत आत घेऊन परत बसवलं, आणि मशीनची नळी आता वेगळ्या पाइपात सोडलीय. म्हणून सांगते, फडकं कोंबायची टेस्ट करताना ते ट्रॅपमध्ये खोलवर कोंबा, सांधा पाण्याखाली मोकळा राहिला पाहिजे, आणि शेवटी एकदा पाणी भसकन सोडूनही बघा, दोघांनी दोन बादल्या एकदम.

यानंतर परत भांडणाचा योग येतो तो असा, दुरुस्ती झाली आणि चार दिवसांनीही खाली ओल आहेच. आम्हीही परत वर जाणार होतो. पण बऱ्याच बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप टाकून वर भर घालतात, मिस्त्री लोक त्याला संकन म्हणतात, आणि वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी त्या भरावात बसलेलं असतं. ते उतरायला आठवडे लागतात. काँक्रीट वाळायचा ढोबळ हिशोब महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर असा धरतात, तोही हवा खेळती असेल तर. तेव्हा दुरुस्तीच्या दिवशी नवीन पेन्सिलीची रेघ मारा आणि ती कड पुढे जाते की मागे येते एवढंच बघा. मागे येत असेल तर शांत बसा. मधे पांढरी पावडर किंवा कापसासारखे क्षार बाहेर आले तर घाबरू नका, पाणी वाळताना आतलं मीठ वर येतं, कोरड्या ब्रशने झाडायचं, पाण्याने पुसायचं नाही, पुसलं की परत आत जातं. रंग मात्र पूर्ण वाळल्याशिवाय देऊ नका. ओल्या प्लास्टरवर ऑइल पेंट मारला की फुगा येणार म्हणजे येणार, आमचे दोन्ही वेळचे पैसे असेच गेले.

टाइल्सवरून ओतायचं केमिकल, सांध्यांत भरायची पेस्ट वगैरे पण आम्ही वापरून झालं होतं. सांध्यात बारीक फट असेल तर ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या सांध्यांत भरलेला मसाला, काढून नवीन भरल्याने खरंच फरक पडतो, इपॉक्सी ग्राउट साध्या सिमेंटच्यापेक्षा पाणी कमी पिते. पण पाइप फुटला असेल तर वरून काहीही ओता, व्यर्थ आहे. आणि खालून छताला वॉटरप्रूफ पुट्टी थापणं सगळ्यात वाईट, पाणी बंद होत नाही, फक्त दुसरीकडून निघतं, आमच्याकडे ते कपाटामागून निघालं.

खर्च कोणाचा हे फोडायच्या आधी बोला आणि कागदावर लिहा, नंतर सगळ्यांची आठवण वेगवेगळी असते. कुणाच्या बाथरूममधून येतंय, की सगळ्यांच्या सामाईक पाइपातून, यावर ते फिरतं, आणि तुमच्या बिल्डिंगचे नियम काय म्हणतात ते आधी वाचून घ्या. खालचं प्लास्टर आणि रंग यात धरायचा की नाही हेही तेव्हाच ठरवा, आमच्याकडे ते राहून गेलं होतं, शेवटी काका स्वतःच म्हणाले रंगाचं अर्धं मी देतो. वर भाडेकरू असतील तर त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, टेस्टला तेवढं सहकार्य मागा, दुरुस्तीचं मालकाशी बोला, आणि तारखांचे फोटो त्यालाच पाठवा.

आमच्या कोपऱ्यातला डाग आता नाही. पण गेल्या पावसात हॉलच्या खिडकीवर एक नवीन आलाय, फक्त पश्चिमेकडून वारा असला की वाढतो, वरच्यांच्या खिडकीलाही तसाच आहे. पेन्सिल यावेळी काकूंनी आणली.